थेंब घालण्याआधीची दहा मिनिटे : दादरच्या एका डोळ्यांच्या रुग्णालयातील मोतीबिंदूपूर्व तपासणी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा अनुभव लिहिताना लोक सहसा शस्त्रक्रियेला किती वेळ लागला, दुसऱ्या दिवशी किती दिसू लागले आणि बिल किती झाले एवढेच लिहितात. मी येथे शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधी झालेल्या तपासणीबद्दल लिहिणार आहे, कारण माझ्या वडिलांच्या बाबतीत जे काही निभावले ते त्या तपासणीमुळे निभावले, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णालय दादर पश्चिमेला आहे. त्याचे नाव देत नाही, कारण त्याआधी आम्ही ज्या दुसऱ्या ठिकाणी गेलो होतो त्याचेही नाव देणार नाही, आणि एकाचे सांगून दुसऱ्याचे झाकणे मला योग्य वाटत नाही.

बाबा ७८ वर्षांचे असून लालबागला राहतात. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू डाव्यापेक्षा बराच पुढे गेला होता, आणि गेल्या दीड वर्षात फक्त त्याच डोळ्याचा चष्म्याचा नंबर तीन वेळा बदलला होता. आम्ही प्रथम उपनगरातल्या एका मोठ्या, चकचकीत रुग्णालयात गेलो. नाव नोंदवून खुर्चीवर बसतो न बसतो तोच एका सहायिकेने दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले. पाऊण तासाने डॉक्टरांनी पाहिले, ‘सरळ केस आहे, वीस मिनिटांचे काम’ असे सांगितले, आणि पुढचा अर्धा तास एका समुपदेशक बाईंनी आम्हाला भिंगांचे तीन प्रकार आणि त्यांचे तीन दर समजावून दिले. सर्वांत महागडे भिंग बसवले की जवळचा चष्माही लागणार नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की बाबा शेवटी म्हणाले, ‘बाई, मला पेपर वाचायचा आहे, सुईत दोरा ओवायचा नाही.’ तारीखही ठरली होती. ऐन वेळी साखर वाढलेली निघाली म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, आणि त्या मधल्या काळात शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून आम्ही दादरला गेलो. म्हणजे आम्ही काही फार विचार करून दुसरे मत घेतले असे नाही. रक्तातल्या साखरेने ते आमच्याकडून घेववले.

दादरला थेंबाची बाटली आमच्यापर्यंत येऊनही थांबली. स्वागतकक्षातल्या मुलीने झाकण काढले होते, पण तिने फाइल उघडली आणि पहिल्याच पानावरचा लाल शिक्का पाहून झाकण परत लावले. शिक्क्यावर मराठीत लिहिले होते : ‘डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय थेंब घालू नयेत.’ त्या शिक्क्यामुळे आमचा खोळंबा वाढला, कारण रुग्णाला डॉक्टरांसमोर दोनदा बसावे लागते, एकदा थेंबांच्या आधी आणि एकदा नंतर. एकंदर दोन तास चाळीस मिनिटे आम्ही तेथे होतो. बाहेरच्या बाकांवर सहा माणसे बसतात आणि त्या सकाळी पंधरा होती. तरीही त्या शिक्क्याला मी या रुग्णालयाची सर्वांत मोलाची गोष्ट मानते, आणि त्याचे कारण पुढे येईल.

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी यंत्राला हात लावला नाही. दोन्ही रुग्णालयांच्या छापील अर्जांवर ‘डोळ्याला पूर्वी मार लागला होता का?’ असा प्रश्न होता, आणि दोन्हीकडे बाबांनी ‘नाही’ सांगितले होते. डॉक्टरांनी अर्ज बाजूला ठेवून विचारले, ‘काका, तुम्ही काम कुठे करत होता?’

‘मिलमध्ये. संपापर्यंत.’

‘कोणत्या खात्यात?’

‘साचेखात्यात.’

‘मग धोटा कधी उडून लागला होता का?’

‘हा, धोटा लागला होता की,’ बाबा म्हणाले. ‘पण तो काय मार म्हणायचा?’

ज्यांनी साचेखाते, म्हणजे गिरणीतले मागांचे खाते, पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारी, दोन्ही टोकांना टोकदार धातू बसवलेली लाकडी नळी. ती कधी मार्ग सोडून उडाली तर समोर उभ्या असलेल्या माणसाचे काही खरे नसे. बाबांना ती १९७४ च्या सुमारास उजव्या डोळ्याच्या कडेला लागली होती. डोळा लालबुंद झाला, जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, विम्याच्या दवाखान्यात पाठवले, तीन दिवसांची रजा मिळाली आणि चौथ्या दिवशी ते कामावर हजर झाले. दिसण्यात फरक पडला नाही म्हणून ती गोष्ट त्यांच्या लेखी संपली. आईने आणि मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की आम्हीही ती अर्जावर लिहिण्यासारखी मानली नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ‘मार’ या शब्दाने पोलिसांचा नाहीतर मास्तरांचा मार आठवतो. कामावर लागलेले ते लागलेलेच. त्या एका प्रश्नासाठी मी या डॉक्टरांना अर्धे गुण आधीच देऊन टाकले.

त्यानंतर बाबांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्रावर, हनुवटी टेकवली. यंत्राला कॅमेरा जोडलेला होता आणि बाजूच्या पडद्यावर मलाही डोळा दिसत होता. डॉक्टरांनी सांगितले, ‘डावीकडे बघा. आता पटकन समोर. पुन्हा डावीकडे. समोर.’ डोळा समोर येऊन थांबला, तरी बुबुळाचा रंगीत पडदा त्यानंतरही क्षणभर हलत राहिला. ताट खाली ठेवल्यावर त्यातली खरवसाची वडी जशी किंचित थरथरते, तशी ती थरथर होती. मग त्यांनी टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी हलकेच टिचकी मारली, आणि बाहुलीतला तो पिवळट, धुरकट मोतीबिंदूच हलला. डाव्या डोळ्यावर हेच सगळे केले तेव्हा तिथे काहीही हलले नाही. बाहुलीची कडाही उजवीकडे एका जागी सरळ गोल नव्हती, थोडी चेमटल्यासारखी होती. ते तर पडद्यावर मलासुद्धा दिसले.

डोळ्यातले भिंग कशावर टेकलेले नसते. एका पातळ पिशवीत असलेले ते भिंग चारी बाजूंनी अतिशय सूक्ष्म तंतूंनी भोवतालच्या स्नायूच्या कड्याला टांगलेले असते. या तंतूंना झोन्यूल म्हणतात. समोरून जोराचा आघात झाला की नेत्रगोल पुढून मागे क्षणभर दाबला जातो, त्यामुळे आडवा फुगतो, आणि त्या ताणात काही तंतू तुटतात. माणसाला दिसत राहते, कारण उरलेले तंतू भिंग धरून ठेवतात. शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र याच पिशवीचा पुढचा पापुद्रा गोल कापून, आतला कठीण झालेला गाभा फोडून ओढून घ्यायचा असतो आणि नवे भिंग त्याच पिशवीत बसवायचे असते. पिशवी एका बाजूने सुटलेली असेल तर ओढताना ती आणखी सुटते, मागची जेली म्हणजे व्हिट्रियस पुढे येते, आणि क्वचित गाभाच मागे दृष्टिपटलाकडे पडतो. तो काढण्यासाठी मग वेगळा सर्जन आणि वेगळी शस्त्रक्रिया लागते. डॉक्टरांनी हे सांगत असताना बाबांनी त्यांना मध्येच थांबवून विचारले, ‘म्हणजे ताण्याच्या तारा तुटल्यात, आणि आता कापड खेचले तर झोळ येणार?’ डॉक्टर हसले आणि म्हणाले की इतके नेमके त्यांनाही सांगता आले नसते.

आता त्या लाल शिक्क्याविषयी. बाहुली मोठी करणारे थेंब भिंगाभोवतीचा तो स्नायूही शिथिल करतात. स्नायू शिथिल झाला की त्याचे कडे रुंदावते आणि उरलेले तंतू ताठ होतात. ताठ तंतूंवर टांगलेले भिंग कमी हलते. शिवाय बाहुली पसरली की रंगीत पडदा कडेला आक्रसतो, त्यामुळे त्याची थरथरही दिसेनाशी होते. म्हणजे ज्या डोळ्याचा आधार कमकुवत आहे, तो डोळा थेंबांनंतर काही काळ शहाण्यासारखा वागतो. पहिल्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर आला तो आधीच स्थिर झालेला डोळा होता. चूक असेल तर ती क्रमाची होती, आणि तो क्रम गर्दी आटोक्यात ठेवण्यासाठी कोणीतरी ठरवून दिलेला होता.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पहिल्या रुग्णालयाने केलेल्या भिंगाच्या मोजमापाचा कागद मी दादरला नेला होता. त्यात दोन्ही डोळ्यांच्या पुढच्या कप्प्याची, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा आणि भिंग यांमधल्या जागेची, खोली छापलेली होती : डावा ३.१२ मिलिमीटर, उजवा २.५८. त्या कागदाचा उपयोग तोवर फक्त भिंगाचा नंबर काढण्यासाठी झाला होता. दादरच्या डॉक्टरांनी तो हातात घेतल्याबरोबर या दोन आकड्यांखाली पेनने रेघ ओढली. तंतू सैल पडले की भिंग पुढे सरकू शकते आणि कप्पा उथळ होतो, म्हणून दोन डोळ्यांमध्ये एवढा फरक असेल तर शंका घ्यायची, असे त्यांनी सांगितले. मोतीबिंदू फुगून जाड झाल्यानेही कप्पा उथळ होतो, त्यामुळे केवळ या आकड्यावर निदान करायचे नाही, हेही त्यांनी लगेच जोडले. सारखा बदलणारा नंबर आणि त्यातला वाढता सिलिंड्रिकल भाग, हीसुद्धा त्यांच्या मते भिंग किंचित कलल्याची खूण होती. चष्म्याच्या दुकानदाराने तिसऱ्यांदा काचा बदलताना ‘वयामुळे होते’ म्हणून सांगितले होते, आणि आम्ही मान डोलावली होती.

थेंबांच्या आधीच आणखी एक तपासणी झाली. आरसे बसवलेले एक छोटे भिंग डोळ्याला टेकवून त्यांनी बुबुळ आणि नेत्रगोलाच्या भिंतीमधला कोन पाहिला. त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. जुन्या माराची खूण तिथेही होती. कोन एका बाजूला मागे फाटलेला होता. अशा डोळ्यात पुढे कितीही वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो, म्हणून दरवर्षी दाब मोजून घ्यायचा, असे त्यांनी फाइलवर लिहिले. मोतीबिंदूसाठी आलेल्या माणसाला हे कळणे म्हणजे माझ्या दृष्टीने तपासणीच्या शुल्कातून मिळालेला जादा ऐवज होता.

मग थेंब घातले गेले आणि अर्ध्या तासाने दुसरी बैठक झाली. बाहुली पसरल्यावर भिंगाची कडा कुठे उघडी पडते का, आणि पिशवीवर किंवा बाहुलीच्या काठावर पांढरे, कोंड्यासारखे कण आहेत का, हे या वेळी पाहायचे असते. कण असतील तर तो स्यूडोएक्सफोलिएशन नावाचा वेगळाच विकार ठरतो. फिनलंडच्या लिंडबर्ग यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन प्रथम केले. त्यात बाहुली नीट पसरत नाही, काचबिंदूचा धोका असतो आणि तंतू सगळीकडून हळूहळू कमकुवत होत जातात; शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊनही काही वर्षांनी नवे भिंग पिशवीसकट घसरू शकते. बाबांना ते नव्हते. त्यांची दुबळी बाजू मारामुळे एका ठिकाणापुरती होती आणि ती पुढे वाढणारी नव्हती. डॉक्टरांनी घड्याळाच्या तबकडीचे चित्र काढून सातपासून दहापर्यंतचा भाग रेघांनी भरला. घरात कोणी फार उंच, लांब बोटांचे आहे का, हेही त्यांनी विचारले, कारण मार्फान सिंड्रोममध्ये हे तंतू जन्मतःच सदोष असतात. बाबांची उंची पाच फूट तीन इंच असल्यामुळे तो विषय लगेच मिटला. प्रोस्टेटची गोळी चालू आहे का, या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘हो’ होते, आणि ते आम्ही कोणीच आधी सांगितले नव्हते. टॅम्सुलोसिन नावाच्या त्या गोळीमुळे शस्त्रक्रियेत बुबुळाचा पडदा लुळा पडतो. गोळी बंद केली तरी तो परिणाम पुरता जात नाही, पण सर्जनला आधी माहीत असले की त्याची तयारी करता येते.

बुबुळामागचे तंतू स्लिट लॅम्पने थेट दिसत नाहीत. त्यासाठी अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी, म्हणजे यूबीएम, करावी लागली. ती सोय या रुग्णालयात नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रात जावे लागले, तिथे बाबांना आडवे झोपवून डोळ्यावर पाण्याने भरलेली छोटी वाटी ठेवली आणि जास्त वारंवारतेच्या ध्वनिलहरींनी चित्र काढले. तबकडीवर रेघा भरलेल्या भागातच तंतू विरळ निघाले.

यानंतरचे नियोजन मला फार आवडले, कारण त्यात स्वस्त पर्याय सुचवला गेला. आधीच्या ठिकाणी सुचवलेले महागडे बहुकेंद्री भिंग या डोळ्यात बसवायचे नाही, असे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले. ते भिंग अगदी मध्यावर आणि सरळ बसले तरच नीट काम करते. आधार एकीकडून ढिला असताना त्याची खात्री देता येत नाही, आणि किंचित कलले तरी दिव्यांभोवती वलये दिसत राहतात. त्यांनी साधे एककेंद्री भिंग सुचवले. पिशवीला आतून गोल ताण देणारी कॅप्स्युलर टेन्शन रिंग, पिशवी धरून ठेवणारे हुक आणि पिशवीबाहेर बसवता येईल असे दुसरे भिंग टेबलावर तयार ठेवायचे ठरले. कमकुवत भाग घड्याळाच्या तबकडीवरच्या साधारण चार तासांच्या आत असेल तर साधी रिंग पुरते, त्यापेक्षा मोठा असेल तर नेत्रगोलाच्या भिंतीला टाके घालून बसवायची वेगळी रिंग लागते. नुसत्या थेंबांनी बधिर न करता डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन द्यायचे, आणि त्या दिवशी दृष्टिपटलाचे सर्जन इमारतीत असतील अशीच तारीख घ्यायची, हेही ठरले. मंगळवारची तारीख शुक्रवारवर गेली ती केवळ एवढ्यासाठी.

आता तक्रारी. संमतिपत्र चार पानांचे आणि संपूर्ण इंग्रजीत होते; थेंबांविषयीचा शिक्का मराठीत करून घेणाऱ्या रुग्णालयाला संमतिपत्र मराठीत छापता येऊ नये, हे मला अनाकलनीय वाटते. रिंगचे अडीच हजार रुपये अंदाजपत्रकात नव्हते, ते थेट बिलात दिसले. डॉक्टरांनी रिंगविषयी आधीच सांगितले होते हे खरे, पण ते बिलिंगच्या खिडकीपर्यंत पोहोचले नव्हते, आणि मेडिक्लेम कंपनीने नेमक्या त्याच ओळीवर खुलासा मागितल्यामुळे बाबांना घरी नेण्यास दोन तास उशीर झाला. पत्र डॉक्टरांनी लगेच लिहून दिले; ते आधीच अर्जासोबत पाठवता आले असते. लिफ्ट लहान आहे, चाकाची खुर्ची आत शिरल्यावर सोबतच्या माणसाने जिन्याने जायचे. शिवाय गाठ एकाच डॉक्टरांशी असल्यामुळे ते सुट्टीवर असले की हीच तपासणी तितक्याच बारकाईने होईल का, याची मला कल्पना नाही.

शस्त्रक्रिया ५० मिनिटे चालली. डॉक्टरांनी नंतर सांगितले की पापुद्रा कापायला सुरुवात करताच एका बाजूला सुरकुत्या पडू लागल्या, म्हणून त्यांनी दोन हुक लावून पुढचे काम केले आणि शेवटी रिंग बसवली. व्हिट्रियस पुढे आले नाही, भिंग पिशवीतच बसले. महिन्याने चष्म्यासह ६/९, म्हणजे जवळजवळ पूर्ण, दिसू लागले. घरी जाताना दिलेल्या कार्डावर भिंगाच्या नंबराबरोबर रिंगचीही नोंद आहे, आणि पुढे कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाल तर हे कार्ड दाखवा, असे सांगण्यात आले.

डाव्या डोळ्याची वेळ आम्ही दिवाळीनंतरची घेतली आहे. त्या डोळ्याचा आधार भक्कम आहे, असे फाइलवर लिहिलेले असूनही मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा थेंब आधी घातले गेले नाहीत. बाबांनी स्वतःच हनुवटी टेकवली आणि कोणी सांगण्याआधी डावीकडे बघून पटकन समोर पाहिले.